बेलला सूतक नसतं

अक्का,

तू गेल्यावर पहिल्या आठवड्यात आपली बेल एकदाही वाजली नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तुझ्याबद्दल छापायची माहिती मी छापायला दिली. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती, मागे कोण. इंग्रजी पेपरच्या डेस्कवर आयुष्य गेल्यामुळे त्यात काही चुकलं नाही. त्या मजकुरात तू वीज खात्यातली निवृत्त अभियंता आहेस, अविवाहित आहेस, आणि तुझ्यामागे एक भाऊ आहे. भिंतीचा त्यात उल्लेख नाही. मुलांचा नाही. ते इथे लिहितो.

बातमीत जागा आधी सांगावी लागते, म्हणून तुला पाठ असलेली जागाही सांगतो. बंगळुरात, बसवनगुडीच्या आपल्या टोकाला सबस्टेशन उभं राहिलं तेव्हा भोवती घरं नव्हती, असं बाबा म्हणायचे. आता तीन बाजूंना घरं आहेत. आपलं घर आणि सबस्टेशनची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी आहे. तिच्या टोकाला रस्ता संपतो, म्हणून तिथे गाड्या येत नाहीत. आणि गाड्या येत नाहीत म्हणून मुलं येतात. भिंतीपलीकडे थोडी मोकळी खडी आणि मग लगेच यार्ड: लोखंडी सांगाडे, चिनी मातीचे इन्सुलेटर, तारा, आणि सतत घुमणारे ट्रान्सफॉर्मर. सहासष्ट हजार व्होल्ट तिथे येतात आणि अकरा हजार होऊन शहरात जातात.

नोकरीची शेवटची काही वर्षं या सबस्टेशनची जबाबदारी तुझ्याकडे होती. निवृत्तीच्या दिवशी तू हार हातात घेऊन गेटमधून बाहेर पडलीस, पट्टी ओलांडलीस आणि घरात आलीस. तू खालच्या मजल्यावर, मी आणि मालती वरच्या. मला वाटलं, सुटलीस. पण तू भिंतीच्या आतून बाहेर आली होतीस, एवढंच. भिंतीपासून तू सुटली नव्हतीस.

पट्टीत खेळणाऱ्या मुलांनी तुला ‘करंट अज्जी’ हे नाव दिलं होतं. मी ‘पेपर ताता’, म्हणजे पेपरवाले आजोबा. मुलांशी तू एक करार केला होतास. चेंडू भिंतीपलीकडे गेला की तो कोणाचाच नाही. भिंतीजवळ जायचं नाही, डोकावायचं नाही, काठी आणायची नाही. सरळ येऊन आपली बेल वाजवायची. तू दार उघडायचीस, कोणी मारला, कसा मारला यातलं काही न विचारता दाराजवळच्या टोपलीतला दुसरा चेंडू द्यायचीस, आणि आत जाऊन कंट्रोल रूमला फोन करायचीस. ऑपरेटर मंजुनाथ फेरीला निघाला की खडीवर पडलेला चेंडू उचलून गेटवर ठेवायचा. यार्डात गेलेला चेंडू तिथेच राहायचा. कधी लाइन बंद करून काही काम निघालं तर तो मिळायचा, नाही तर ऊनपावसात पांढरा पडायचा. मिळालेले चेंडू पुन्हा टोपलीत. कमी पडले की गांधी बझारातून नवे.

बेल कधीही वाजवायची, असं तू सांगितलं होतंस. मी झोपलेली असले तरी, जेवत असले तरी, घरी पाहुणे असले तरी. मुलांनी ते शब्दशः घेतलं होतं. माझ्या मुलीला, अनघाला, बघायला मंडळी आली होती तेव्हा पोह्यांच्या बशा हातात असताना बेल वाजली होती, आणि तू मुलाच्या आईचं बोलणं अर्धवट सोडून उठली होतीस. त्या बाईंना वाटलं, तुला स्थळ पसंत नाही. लग्न जमलं, ही वेगळी गोष्ट.

मी तुला विचारलं होतं की हे लाड कशासाठी. तू म्हणालीस, “मूल भिंतीवर धाडसानं चढत नाही, तम्मा. घाईनं चढतं. सगळे थांबलेत, उजेड चाललाय, चेंडू दुसऱ्याचा आहे. ती घाई काढून घेतली की ते चढत नाही.”

मी ते मान्य केलं नाही.

मंजुनाथनं एकदा मुलांना सांगितलं की यार्डात भूत आहे, घूं घूं करतं ते तेच. तू त्याला गेटवर बोलावून घेतलंस. मला वरून ऐकू येत होतं. तू कन्नडमध्ये, आवाज न चढवता, त्याला म्हणालीस की भूत आहे म्हटलं की लहान घाबरतील आणि मोठे ते बघायला जातील. जे आहे तेवढं सांग, ते पुरेसं आहे. मग तू मुलांना आपल्या पायऱ्यांवर बसवलंस. तारेला हात लावावा लागत नाही, म्हणालीस. जवळ गेलात की तीच धरते. एकानं विचारलं, कावळा बसतो त्याचं काय. कावळा एकाच तारेवर बसतो, तू सांगितलंस, आणि त्याचे पाय जमिनीला नसतात. तुझे असतात. त्या मुलानं आपल्या पायांकडे बघितलं. बाकीचे हसले, आणि मग त्यांनीही बघितलं.

रोज संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी तू पट्टीतून एक चक्कर मारायचीस. लोकांना वाटायचं, फिरायला जाते. तू भिंतीला काय टेकवलंय ते बघत असायचीस. भिंत किती उंच आहे ते विचारू नकोस, तुझं म्हणणं, तिच्या पायाशी काय आहे ते बघ. कोणाची शिडी, कोणाच्या बांधकामाची वाळू, तिरकी लावलेली स्कूटर. सगळं त्याच दिवशी हलायचं. तिसऱ्या घरातल्या पद्मम्मांच्या शेवग्याची फांदी भिंतीवर झुकली, तर तू ती छाटायला लावलीस. शेंगा नेमक्या त्याच फांदीला लागायच्या. पद्मम्मा तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. तू बाजारातून शेंगा आणून त्यांच्या पायरीवर ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी त्या शेंगांचं सांबार आपल्याकडे आलं, सोबत निरोप की शेंगा जून होत्या.

आता आपल्या भांडणाबद्दल.

माझं म्हणणं साधं होतं. त्या पट्टीत खेळ व्हायलाच नको. तू चेंडू देतेस म्हणून खेळ चालतो. खेळ चालतो म्हणून चेंडू आत जातो. आणि एक दिवस तू घरी नसशील. मी डेस्कवर अशा बातम्या बसवल्या आहेत. त्यांना जागा फार लागत नाही. वय, गाव, पतंग किंवा चेंडू, पोलिसांत नोंद. म्हणून मी म्हणायचो की पट्टीच्या तोंडाला फाटक लावा, कुलूप घाला. मला त्यावर लिहायचंही होतं, फोटोसकट. तू लिहू दिलं नाहीस. तू म्हणायचीस की बातमी आली की साहेब लोक येतील, पट्टी बंद होईल, आणि मुलं मागच्या बाजूला जातील, जिथे भिंत खचलेली आहे आणि जिथे कोणाचं दार नाही. इथे निदान माझं दार आहे.

“आणि तुझं दार नसेल तेव्हा?” मी विचारलं होतं.

“तेव्हा तुझं असेल,” तू म्हणालीस.

मी ते हसण्यावारी नेलं. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला जायचं होतं. अनघाच्या टॉवरमध्ये तिनं आमच्यासाठी एक खोली तयार ठेवली होती. तिथे मुलांसाठी रबराच्या फरशीचं अंगण आहे, दारावर गार्ड आहे, आणि विजेची खोली तळघरात कुलुपाआड आहे. तू एकदाच आली होतीस. त्या अंगणात उभी राहून म्हणालीस, छान आहे, पण इथे मुलं कुठे आहेत. मुलं क्लासला होती.

तुझ्या शेवटच्या महिन्यात गल्लीतल्या लोकांची बैठक झाली आणि फाटकाचा विषय निघाला. मी बाजूनं बोललो. तू घरी येऊन दार लावून घेतलंस. त्या आठवड्यात तू मला कॉफीला खाली बोलावलं नाहीस. मग एका सकाळी बोलावलंस, आणि फाटकाचा विषय दोघांनीही काढला नाही. तो तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट राहिली. ती त्याहून जुनी आहे.

तुझी पहिली नेमणूक राज्याच्या उत्तरेकडे, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका तालुक्याच्या सबस्टेशनवर होती. तिथलं तू फारसं बोलायची नाहीस. एकदाच, आई गेली त्या वर्षी, आपण दोघं गच्चीवर बसलो असताना तू सांगितलंस. एक मुलगा पतंगासाठी भिंतीवरून आत आला. आत उडी मारणं सोपं असतं, तू म्हणालीस. परत चढायला आतल्या बाजूनं काही नसतं. मग मूल गेट शोधायला लागतं, आणि गेट यार्डाच्या पलीकडे असतं. तो मुलगा अगदी हळू, नीट मधून चालत होता. कशालाही हात न लावता. पोचलाही असता. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. तो दचकला आणि त्यानं आधारासाठी हात वर केला.

तू ‘कोणीतरी ओरडलं’ म्हणालीस. डेस्कवर असं वाक्य आलं असतं तर मी वार्ताहराला फोन केला असता: कोण ओरडलं ते लिहा. तुला मी विचारलं नाही. तू पुढे सांगितलं नाहीस. थोड्या वेळानं तू म्हणालीस की मूल भिंतीवर दिसलं तर ओरडायचं नाही, कधीच नाही. जवळ जायचं आणि दुसरंच काहीतरी बोलायचं. मग तू गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा केलेस आणि खाली गेलीस.

तू गेलीस तेव्हा माणसं आली. तुझ्या खात्यातली, गल्लीतली, माझ्या जुन्या ऑफिसातली. घरात जागा नव्हती, म्हणून शामियानावाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि पट्टीत मांडल्या. माणसं गेल्यावर त्या एकात एक घालून रचल्या. घराच्या बाजूला रचल्या असत्या तर दार अडलं असतं. त्यामुळे त्या समोरच्या भिंतीला टेकवल्या. दहाव्याला, तेराव्याला पुन्हा लागणारच, म्हणून परत पाठवल्या नाहीत. एक रास उंच, एक बुटकी. तिथून रोज दहा माणसं गेली असतील. मी गेलो. तू सोडून सगळे होतो.

मंजुनाथही आला होता. चप्पल काढून पायरीखाली उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, मॅडम फोन करायच्या. मी मान हलवली. तो पुन्हा म्हणाला, आता फोन कोण करणार. लोक अशा वेळी काहीतरी बोलतात, तसंच मी ते धरलं.

दिवस करायला मीच होतो. गुरुजींनी नियम सांगितले: कोणाच्या घरी जायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, देवाला हात लावायचा नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. तुझा होता की नाही हे मला कधी कळलं नाही. मी नियम पाळले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. सगळा दिवस वरच्या खिडकीत. समोर भिंत, भिंतीपलीकडे तारा. इतकी वर्षं त्या घराला मागेपुढे दारं आहेत असं मी समजत होतो; ते सगळं त्या भिंतीकडेच तोंड करून आहे हे तेव्हा दिसलं.

खेळ थांबला नव्हता. तू गेलीस त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मुलं आली नाहीत, मग आली. आवाज दबका होता. आउट झालं तरी भांडत नव्हती. मला वाटलं, बरं आहे. बेल वाजत नव्हती, तेही बरंच वाटलं. टोपली दाराजवळ होती तशीच होती.

सातव्या दिवशी संध्याकाळी खिडकीत बसलो असताना खेळाचा आवाज थांबला. मुलांचा गोंगाट तुला कधी ऐकू यायचा नाही, तो थांबला की तू मान वर करायचीस. मी सवयीनं वाट बघितली की आता बेल वाजेल. वाजली नाही. मी उठून खाली बघितलं.

पद्मम्मांची नात चैत्रा भिंतीवर बसली होती. बुटक्या राशीवरून उंच राशीवर आणि तिथून वर. भिंतीवरची काटेरी तार त्या जागी सैल पडून खाली आली आहे, ती तिनं पायानं दाबून धरली होती. एक पाय आपल्याकडे, एक आत. पाठ माझ्याकडे होती. बाकीची मुलं खाली गप्प उभी होती, दोघांनी खुर्च्या धरल्या होत्या. चेंडू पलीकडे खडीवर पडलेला मला वरून दिसत होता. ती उडी मारायच्या बेतात वाकली होती.

माझ्या घशात तिचं नाव आलं. पूर्ण आलं, ओठांपर्यंत. तोंड उघडलं होतं मी. आणि त्या क्षणी मला कळलं, अक्का, की त्या तालुक्याच्या सबस्टेशनवर कोण ओरडलं होतं. जिला सगळ्यात आधी दिसलं असेल ती. जी त्या मुलासाठी सगळ्यात जास्त घाबरली असेल ती.

मी तोंड मिटलं. जिना उतरलो. पट्टीत आल्यावर पावलं सावकाश टाकली. खुर्च्या धरलेल्या मुलांना मी बोटानं खूण केली, धरून ठेवा.

“चैत्रा,” मी म्हणालो, रोज पेपर आणायला जाताना म्हणतो तितक्याच आवाजात, “कोण आउट झालं?”

तिनं मान वळवली, पण पाय हलवला नाही. “कोणी नाही. प्रज्वलनं सिक्स मारला.”

“मग तू का चढलीस? त्यानं मारला ना?”

“बॉल माझा आहे.”

“बेल का नाही वाजवलीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. हे मला माहीत असायला हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. “तुमच्याकडे सूतक आहे. अज्जीनं सांगितलंय, त्या घराची बेल वाजवायची नाही. आधीचे दोन बॉल पण तसेच गेले.”

त्या आठवड्यात दोन चेंडू आत गेले होते. मुलांनी आमच्या दु:खाचा मान राखून ते सोडून दिले होते. हा तिसरा त्यांच्याकडे राहिलेला शेवटचा होता.

“बेलला सूतक नसतं,” मी म्हणालो. “ये खाली. आतला पाय आधी इकडे घे. माझा हात धर.”

मी हात वर केला. तिनं हात पुढे केला नाही.

“तुम्हाला शिवायचं नाही,” ती म्हणाली. “अज्जी मारेल.”

अक्का, मी इतकी वर्षं इतरांच्या बातम्यांत कारणं शोधली. ‘निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळे होतो आम्ही. इथे कोणी निष्काळजी नव्हतं. खुर्च्या तुझ्यासाठी आलेल्या माणसांच्या होत्या. बेल तुझ्या मानासाठी बंद होती. आणि तुझा भाऊ हात वर करून उभा होता, आणि त्या हाताला शिवायचं नाही म्हणून नऊ-दहा वर्षांची मुलगी सहासष्ट हजार व्होल्टच्या बाजूला पाय सोडून बसली होती. आम्ही सगळे नीट वागत होतो.

“अज्जीला मी सांगेन,” मी म्हणालो. “माझ्या अक्कानं तुम्हाला काय सांगितलं होतं? पाहुणे असले तरी?”

“पाहुणे असले तरी, जेवत असल्या तरी, झोपल्या असल्या तरी.”

“मग?”

तिनं थोडा विचार केला. “सूतकाचं सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. पण तिनं आतला पाय वर घेतला. तार सुटून तिच्या फ्रॉकला अडकली, ती तिनं सोडवली, मला हात दिला, आणि खुर्च्यांवरून उतरली. पाय जमिनीला लागल्यावरही मी तिचं मनगट सोडलं नाही. ती म्हणाली, ताता, दुखतंय. तेव्हा सोडलं.

मग मी उंच राशीतली वरची खुर्ची काढून तिच्यावर बसलो. मुलं मला बघत होती. कोणीतरी जाऊन पद्मम्मांना बोलावून आणलं. त्या धावत आल्या, नातीचा दंड धरला, हात उगारला. मी म्हटलं, मारू नका, तुम्ही सांगितलेलंच तिनं ऐकलं. त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं, भिंतीकडे, मग तुझ्या दाराकडे. मी त्यांना सांगितलं की मी तिला शिवलो आहे. मला वाटलं, तिला आंघोळ घालायला नेतील. त्यांनी पोरीला पोटाशी धरलं.

“बिडी अण्णा,” त्या म्हणाल्या. राहू द्या. “सूतक नंतर बघू. मीच सांगितलं होतं हो, बेल वाजवू नका म्हणून. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

खुर्च्या आम्ही त्याच वेळी घरात घेतल्या. तुझी बैठकीची खोली छतापर्यंत भरली. मग मी कंट्रोल रूमला फोन केला. नंबर तुझ्या फोनमध्ये होता. मंजुनाथनं उचलल्या उचलल्या “हां मॅडम” म्हटलं. चेंडू खडीवर आहेत, मी म्हणालो. सरी, बरं, तो म्हणाला, आणतो.

तेराव्याला गुरुजी मंत्र सांगत असताना बेल वाजली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरुजी हातानं थांबा म्हणाले, मध्ये उठू नका. मी उठलो. दारात प्रज्वल होता, आतली माणसं बघून मागे सरला. मी टोपलीतला चेंडू दिला आणि तुझ्या फोनवरून फोन केला. परत येऊन बसलो तेव्हा गुरुजींनी तो मंत्र पहिल्यापासून सांगितला. मालतीनं पदर डोळ्यांना लावला. ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती. नंतर म्हणाली, अक्कांच्या तेराव्याला एवढं तरी व्हायलाच हवं होतं.

तुझे आभार मानायचे राहिले आहेत. तू जिवंत असताना ते शक्य नव्हतं, कारण तू विचारलं असतंस, कशाबद्दल. आता सांगतो. त्या गच्चीवर तू मला वाक्य अर्धं सांगितलंस. पूर्ण सांगितलं असतंस तर मी तुझं सांत्वन केलं असतं आणि विसरलो असतो. अर्धं होतं म्हणून लक्षात राहिलं. त्या संध्याकाळी माझं तोंड त्यानं मिटवलं.

पण माझं म्हणणं तू खोडून काढलं आहेस असं समजू नकोस. मी म्हणालो होतो की एक दिवस तू घरी नसशील, आणि नेमकं तेच झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस की घरात माणूस होतं, दार लावून बसलं होतं. हे भांडण आता मी दोन्ही बाजूंनी एकटाच करतो, आणि कोणतीच बाजू जिंकत नाही. फाटकाचा कागद पुन्हा फिरतो आहे. या वेळी पद्मम्मा फाटकाच्या बाजूनं आहेत. तो माझ्याकडे सहीला आला तेव्हा मी मागच्या बाजूची खचलेली भिंत बघून आलो. तिच्या पायाशी मातीत चपलांचे ठसे होते, लहान मापाचे. मी सही केली नाही. नकारही दिला नाही. मागची भिंत आधी बांधा असा अर्ज खात्याला दिला आहे. तू अशा अर्जांवर कोणत्या दिवशी कोणता शेरा पडतो ते सांगू शकली असतीस.

अनघा दर रविवारी फोन करते. खोली तयार आहे, खालचा मजला भाड्यानं देऊ, तुम्ही दोघं या. मी तिला सांगतो की तुझं सामान आवरायचं आहे. सामान आवरून झालं आहे. भाडेकरूला काय अट घालायची हे मला ठरवता येत नाही. घर, पाणी, पार्किंग, आणि संध्याकाळी बेल वाजेल तेव्हा उठायचं. कोण घेईल असं घर? आणि जो घेईल त्यानं एखाद्या दिवशी सिनेमाला जायचं ठरवलं तर? मालती म्हणते, अक्का कुठे जायच्या सिनेमाला. खरं आहे. इतकी वर्षं संध्याकाळी तू कुठे गेली नाहीस, आणि मी तुला माणूसघाणी म्हणायचो.

काल चैत्रा आली. चेंडू द्यायच्या आधी तिनं मला थांबवलं. तिची अज्जी म्हणत होती की पेपर ताता व्हाइटफील्डला जाणार आहेत, मुलीकडे, लिफ्टच्या घरात. खरं का ते तिला विचारायचं होतं.

मी म्हणालो, तसं चाललंय.

“मग तुम्ही गेल्यावर कोणाची बेल वाजवायची?”

मी तिला खरं तेच सांगितलं, अजून ठरलं नाही म्हणून.

“मग ठरेपर्यंत इथलीच ना?”

“इथलीच,” मी म्हणालो.

ती चेंडू घेऊन पळाली. मी फोन लावला आणि मंजुनाथ उचलेपर्यंत दारातच उभा राहिलो. माझं मत बदललेलं नाही, अक्का. त्या पट्टीत खेळ व्हायला नको. फक्त संध्याकाळ झाली की मला आता घराबाहेर पडता येत नाही.